तारेवरची नाकाबंदी आणि घरचा नोड : बिटकॉइन कोअरचे परीक्षण

बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्याला ग्राहकसेवा केंद्र नाही आणि ते चालवणाऱ्याच्या हाती त्यातून एक छदामही पडत नाही. तरीही त्याचे परीक्षण लिहावेसे वाटले, ते एका प्रश्नामुळे. आभासी चलनाचा विषय निघाला की सरकारने मनावर घेतले तर हे पैसे वाटेतच अडवता येतील का, आणि आपल्याला इंटरनेट पुरवणारी कंपनी ते मधल्या मध्ये लाटू शकेल का, अशी विचारणा हमखास होते. उत्तरे मात्र बहुधा अभ्यासापेक्षा भक्तीतून किंवा रागातून येतात. बिटकॉइनच्या जाळ्यात सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर हेच असल्यामुळे, ते घरच्या साध्या ब्रॉडबँडवर चालवून, म्हणजे आपल्या संगणकाला त्या जाळ्यातला एक ‘नोड’ बनवून, तारेवरची त्याची वागणूक तपासली तर या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर हाती लागते. म्हणून येथे वॉलेटचा, म्हणजे शिल्लक आणि व्यवहार हाताळणाऱ्या भागाचा, देखणेपणा किंवा बिटकॉइनचा भाव यांचा विचार केलेला नाही; नाकाबंदी झाली तर हे सॉफ्टवेअर कितपत तग धरेल, एवढ्याच निकषावर त्याला तोलले आहे.

प्रथम उभारणीबद्दल थोडे. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा; असे गठ्ठे एकामागोमाग जोडून साखळी बनते) आजवरचा प्रत्येक व्यवहार हे सॉफ्टवेअर उतरवून घेते आणि कोणावरही विसंबून न राहता स्वतः तपासते. ही नोंदवही आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ज्यांच्याकडे तेवढी जागा नाही त्यांच्यासाठी तपासून झालेले जुने ब्लॉक टाकून देण्याची सोय आहे आणि उरलेल्या ब्लॉकांचा साठा ५५० एमबीपर्यंत खाली आणता येतो, पण एकदा उतरवावे सगळेच लागते. आपल्याकडच्या ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या अनेक योजनांना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. तीत हे काम आरामात बसते. संगणकात मात्र एसएसडी हवीच, कारण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही तपासणी इतकी रेंगाळते की चालवणाऱ्याचा धीर सुटतो. दुसरी अडचण विजेची. वीज अचानक गेली तर शिलकीची स्थिती साठवणारा डेटाबेस बिघडू शकतो आणि सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते, त्यामुळे जेथे पावसाळ्यात वारंवार दिवे जातात तेथे यूपीएसशिवाय या फंदात पडू नये. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा नोड सरकारी हुकमापेक्षा वीज गेल्यामुळे बंद पडण्याचीच शक्यता जास्त आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आता तारेकडे वळू. मोबाइलवरची बहुतेक वॉलेट ॲप एखाद्या कंपनीच्या सर्व्हरला विचारून शिल्लक दाखवतात आणि त्याच सर्व्हरमार्फत व्यवहार पुढे धाडतात. तो सर्व्हर अडवला की ॲप आंधळे होते. नोडचे तसे नाही. तो स्वतःहून बाहेर दहा कायम जोडण्या करतो, त्यांपैकी आठ सर्व प्रकारच्या माहितीसाठी आणि दोन केवळ ब्लॉकसाठी, आणि बाहेरून येणाऱ्या धरून एकूण १२५ जोडण्यांपर्यंत जाऊ शकतो. यांतली एक जरी जोडणी प्रामाणिक नोडशी उरली तरी खरी साखळी कोणती हे त्याला कळते, कारण साखळी खरी की खोटी हे तो सांगणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे, तर तिच्यातील नियमपालन आणि खर्ची पडलेले संगणकीय श्रम यांवरून ठरवतो. अडवणाऱ्याला म्हणूनच एकूण एक वाट बुजवावी लागते.

ती बुजवणे अवघड आहे का? काही वर्षांपूर्वीपर्यंत अजिबात अवघड नव्हते. तारेवरची रहदारी दाखवणारे वायरशार्क हे साधन लावून जुन्या पद्धतीची जोडणी पाहिली की पुरवठादाराला काय दिसत असे याचा अंदाज येतो. प्रत्येक संदेशाच्या आरंभी तेच ते चार बाइट, एफ९ बीई बी४ डी९; त्यापाठोपाठ ‘व्हर्जन’, ‘आयएनव्ही’, ‘टीएक्स’, ‘ब्लॉक’ अशी संदेशाची नावे सरळ वाचता येणाऱ्या अक्षरांत; आणि ओळख करून देणाऱ्या पहिल्याच संदेशात ‘सातोशी’ हे नाव आणि त्यापुढे सॉफ्टवेअरची आवृत्ती. त्यात भर म्हणून ठरलेले पोर्ट, म्हणजे जोडणीचा दारक्रमांक, ८३३३. आपण कोण आहोत याची दवंडी पिटतच ही जोडणी जात असे, आणि पॅकेटची, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, झडती घेणारे कोणतेही साधे उपकरण एका ओळीच्या नियमाने ती तोडू शकले असते. तशी ती सर्रास तोडली गेली नाही, याचे श्रेय सॉफ्टवेअरला नव्हे, सरकारांच्या अनास्थेला द्यायला हवे.

त्याहून गंभीर बाब अशी होती की वाटेतल्याला संदेश वाचता तर येतच, पण बदलताही येत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील मारिया अपोस्तोलाकी आणि लॉरां व्हॅनबेव्हर आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील अविव झोहर यांनी २०१७ मध्ये यावर सविस्तर संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीनुसार त्या वेळी अवघे १३ पुरवठादार बिटकॉइनच्या ३० टक्के नोडांना जागा देत होते आणि तीन पुरवठादारांच्या तारांवरून मिळून जाळ्यातील ६० टक्के रहदारी जात होती. नोडने ‘अमुक ब्लॉक पाठव’ अशी मागणी केली की वाटेत बसलेला पुरवठादार त्या मागणीतला ब्लॉकचा क्रमांक बदलून भलताच ब्लॉक मागवू शकतो, आणि वीस मिनिटांची मुदत संपत आली की मूळ मागणी पुन्हा पुढे सरकवून जोडणी तुटणार नाही अशी व्यवस्था करू शकतो. नोडच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. त्याला फक्त ताजा ब्लॉक वीस मिनिटे उशिरा कळतो. सरासरी दहा मिनिटांनी ब्लॉक येणाऱ्या व्यवस्थेत दुकानदाराला गंडवायला किंवा खाणकाम करणाऱ्याचे, म्हणजे संगणकीय श्रम खर्चून नवे ब्लॉक तयार करणाऱ्याचे, श्रम वाया घालवायला एवढा उशीर पुरतो.

या दोन्ही दुखण्यांवरचा उपाय बीआयपी ३२४ या बिटकॉइन-सुधारणेच्या प्रस्तावातून आला. डिसेंबर २०२३ च्या २६.० आवृत्तीत तो ऐच्छिक होता आणि एप्रिल २०२४ च्या २७.० आवृत्तीपासून तो मुळातच सुरू असतो. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये झालेली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी बोलली गेलेली सुधारणा आहे. नव्या जोडणीत दोन्ही बाजू प्रथम ६४ बाइटांची एकेक चावी पाठवतात. ती अशा रीतीने लिहिलेली असते की पाहणाऱ्याला ती निव्वळ यादृच्छिक बाइटांची रास वाटावी. तिच्यामागून शून्य ते ४०९५ बाइटांपर्यंत कितीही कचरा जोडलेला असतो, त्यामुळे लांबीवरूनही काही ताडता येत नाही. त्यापुढचे सगळे बोलणे कुलूपबंद असते आणि मध्ये एक बाइट जरी बदलला तरी जोडणी तुटते. वर सांगितलेली ब्लॉक उशिरा पोचवण्याची युक्ती अशा जोडणीवर गुपचूप चालवता येत नाही. ‘गेटपियरइन्फो’ ही आज्ञा दिली की प्रत्येक जोडणीपुढे ती पहिल्या पद्धतीची आहे की दुसऱ्या हे दिसते. नवा नोड चालवणाऱ्याने ही यादी एकदा तरी जरूर पाहावी.

या सुधारणेच्या मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. समोरचा नोड कोण आहे याची खातरजमा ही पद्धत करत नाही. पुरवठादाराने मध्ये स्वतःचा नोड उभा करून दोन्हीकडे वेगवेगळी कुलपे लावली तर दोन्ही बाजूंना जोडणी सुरक्षितच दिसेल. प्रत्येक जोडणीचा सत्रक्रमांक दोन्ही टोकांनी दूरध्वनीवर ताडून पाहिला तर लबाडी उघडी पडते, पण अनोळखी नोडांशी जोडलेला माणूस असा फोन कोणाला करणार? दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. समोरून नव्या पद्धतीला प्रतिसाद न येता जोडणी तुटली, तर सॉफ्टवेअर निमूटपणे जुन्या उघड्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करते. जुन्या नोडांशी बोलता यावे म्हणून ही सोय आहे. परंतु नव्या जोडण्या आरंभीच तोडणाऱ्या पुरवठादाराला याच सोयीमुळे आपल्याला उघड्यावर आणता येते. अशी घसरण नको असे ठामपणे सांगणारी कळ पडद्यावरच्या सेटिंगमध्ये असायला हवी होती. ती नाही, ही माझी या सॉफ्टवेअरविषयीची पहिली तक्रार.

तिसरी मर्यादा चीनच्या अनुभवावरून कळते. नोव्हेंबर २०२१ पासून चीनच्या राष्ट्रीय इंटरनेट तटबंदीने एक निराळीच चाळणी लावली. ओळखीच्या कोणत्याही प्रकारात न बसणारी, पहिल्या पॅकेटपासून यादृच्छिक भासणारी जोडणी दिसली की ती संशयित ठरवायची आणि ठरावीक परदेशी डेटा सेंटरांकडे जात असेल तर काही प्रमाणात तोडायची. ही चाळणी बिटकॉइनसाठी नव्हे, तटबंदी ओलांडायला मदत करणाऱ्या प्रॉक्सींसाठी, म्हणजे मधल्या सर्व्हरांसाठी, होती. तरीही तिच्यातून निघणारा धडा बीआयपी ३२४ ला तंतोतंत लागू पडतो. कशासारखेच न दिसणे ही सुद्धा एक ओळखखूण ठरू शकते. भारतातले पुरवठादार आज अशी चाळणी लावत नाहीत. आपल्याकडची रोखणी प्रामुख्याने डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) आणि संकेतस्थळाचे नाव पाहून होते, आणि त्या दोन्हींचा नोडच्या नेहमीच्या जोडण्यांशी संबंध येत नाही.

पहिल्या वेळी मात्र येतो. नुकत्याच बसवलेल्या नोडला कोणाचेच पत्ते ठाऊक नसतात, म्हणून तो सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवलेल्या मोजक्या डीएनएस नावांना विचारतो. ही विचारणा उघडी असते आणि पुरवठादाराच्या नोंदीत त्या घरातून बिटकॉइनचा नोड सुरू झाला हे स्वच्छ उमटते. ही नावे अडवली तर सॉफ्टवेअरसोबत आलेली ठरावीक पत्त्यांची यादी कामी येते, आणि एकदा ओळखी झाल्या की पुढच्या वेळी डीएनएसची गरजही बहुधा राहत नाही. पोर्टची गोष्टही आता पूर्वीइतकी सोपी उरलेली नाही. २०२२ च्या २३.० आवृत्तीपर्यंत नोड ८३३३ पोर्टवरच्यांनाच ठळक प्राधान्य देत. ते प्राधान्य तेव्हा काढून टाकले, त्यामुळे केवळ ते एक पोर्ट बंद करून आता जाळे तुटत नाही.

घरगुती ब्रॉडबँडवर आपल्याकडे आणखी एक गोम आहे. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या जोडण्या घरच्या नोडपर्यंत पोचतच नाहीत आणि तो आपल्या दहा बाहेरच्या जोडण्यांवर जगतो. यावर आणि वरच्या बऱ्याच चिंतांवर एकच उपाय आहे, तो म्हणजे टॉर, रहदारी अनेक संगणकांतून फिरवून तिचा उगम लपवणारे जाळे. संगणकावर टॉर चालू असेल आणि त्याच्या नियंत्रणाची परवानगी दिलेली असेल तर बिटकॉइन कोअर आपण होऊन स्वतःचा ओनियन पत्ता, म्हणजे टॉरच्या आतला पत्ता, तयार करते; जानेवारी २०२१ च्या ०.२१ आवृत्तीपासून टॉरचे नवे लांब पत्ते आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील २२.० पासून आयटूपी हे दुसरे गुप्त जाळेही त्याला कळते. सगळी रहदारी टॉरमधून नेली तर पुरवठादाराला बिटकॉइन दिसत नाही, टॉर दिसते. टॉरही अडवता येते, पण त्यासाठी पूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छुप्या प्रवेशवाटांची दुसरी फळी आहे. सगळी रहदारी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या व्हीपीएनचा सल्ला मी देणार नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवायची आहे, आणि तसेही त्यात विश्वास एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीवर नेऊन ठेवण्यापलीकडे काही घडत नाही.

आता लाटण्याच्या भीतीबद्दल, कारण सामान्य माणसाला अडवण्यापेक्षा तीच जास्त सतावते. व्यवहार नोडमधून निघतो तेव्हा त्यावर फक्त मालकाकडे असलेल्या खासगी चावीने, म्हणजे एका गुप्त संख्येने, स्वाक्षरी झालेली असते आणि पैसे कोणाच्या पत्त्यावर, किती, हे त्या स्वाक्षरीच्या कक्षेतच असते. वाटेत कोणी पत्ता बदलला तर स्वाक्षरी जुळत नाही आणि जगातला प्रत्येक नोड तो व्यवहार फेटाळतो. पुरवठादाराला तो फार तर दाबून ठेवता येतो, आणि दाबलेला व्यवहार दुसऱ्या कोणत्याही वाटेने पुन्हा पाठवता येतो. साधा व्यवहार दोन-अडीचशे बाइटांचा असतो. तो दोन-तीन एसएमएसमध्ये मावेल. पैसे लाटणे तारेवरून शक्य नाही, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

पाहणे मात्र शक्य होते आणि काही अंशी आजही आहे. जो व्यवहार एखाद्या नोडमध्ये आत आल्याचे दिसले नाही पण बाहेर जाताना दिसला, तो त्या घरातच जन्मला हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. नोड प्रत्येक जोडणीवर व्यवहार जाहीर करताना मुद्दाम कमी-जास्त वेळ थांबतो, आणि नव्या पद्धतीत मजकूर दिसत नाही, त्यामुळे ही हेरगिरी पुष्कळ अवघड झाली आहे. काही जण डेटा वाचवण्यासाठी फक्त ब्लॉक घेण्याची ‘ब्लॉक्सओन्ली’ ही मांडणी निवडतात. त्यांनी एक ध्यानात घ्यावे, की दुसऱ्यांचे व्यवहार पुढे न नेणाऱ्या नोडमधून निघालेला एकुलता एक व्यवहार त्याचा स्वतःचाच असणार, हे समोरच्या नोडला लगेच समजते.

‘पण इंटरनेटच्या वाटा वळवून चोरी झालेली आहे ना?’ असे कोणी विचारील. झाली आहे, ती कोठे झाली हे नीट पाहावे. २४ एप्रिल २०१८ रोजी ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेकडे जाणाऱ्या वाटा सुमारे दोन तास दुसरीकडे वळवण्यात आल्या आणि इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या मायइथरवॉलेट या वॉलेट-संकेतस्थळाऐवजी लोकांना त्याची नक्कल दाखवली गेली. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल दिलेली सूचना ओलांडून ज्यांनी आपल्या चाव्या तेथे भरल्या त्यांचे सुमारे दीड लाख डॉलर गेले. इथेरियमच्या साखळीला त्या दिवशी धक्का लागला नाही. चोरी झाली ती संकेतस्थळावर चावी टंकण्याच्या सवयीमुळे. ज्याच्या चाव्या स्वतःच्या संगणकावरच्या वॉलेटमध्ये आहेत आणि व्यवहार स्वतःच्या नोडमधून जातो, त्याच्यावर ही युक्ती चालत नाही.

नोडला फसवण्याचा सगळ्यात कसलेला मार्ग म्हणजे त्याच्या भोवती फक्त आपलेच नोड उभे करून त्याला बाकी जाळ्यापासून तोडणे. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की मोठा पुरवठादार काही आठवडे धीराने काम करून हे एकही वाट न वळवता साधू शकतो. त्यावर उतारा म्हणून बिटकॉइन कोअर जोडण्या निवडताना त्या वेगवेगळ्या पुरवठादारांकडच्या असाव्यात असे पाहू शकते, परंतु त्यासाठी लागणारा नकाशा ०.२० आवृत्तीत ही सोय आली तेव्हापासून वापरणाऱ्याने स्वतः मिळवून द्यायचा असे. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी अडगळीत ठेवणे मला पटलेले नाही. अर्धा तास नवा ब्लॉक आला नाही तर नोड शंका घेऊन एक जादा जोडणी करून पाहतो, हे मात्र चांगले आहे.

मग या सगळ्याला पुरून उरेल अशी नाकाबंदी आहे का? आहे, आणि तिचे उदाहरण आपल्याच देशात आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते. जानेवारी २०२० मध्ये ते टूजी वेगाने परत आले, पण फक्त सरकारने मंजूर केलेल्या संकेतस्थळांपुरते. ती पांढरी यादी प्रथम १५३ आणि काही दिवसांत ३०१ संकेतस्थळांची होती. यादीत नसलेले सर्व काही बंद, अशी रीत जेथे असते तेथे बीआयपी ३२४ काय आणि टॉर काय, सगळेच लंगडे पडते. ब्लॉकस्ट्रीम ही कंपनी ऑगस्ट २०१७ पासून उपग्रहावरून बिटकॉइनचे ब्लॉक फुकट प्रक्षेपित करते, आणि डिश लावून ते घेता येतात. पण ती वाट एकेरी आहे, तिच्यावरून व्यवहार पाठवता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रोडोल्फो नोवाक यांनी टोरांटोहून सॅन फ्रान्सिस्कोला हौशी रेडिओवरून बिटकॉइन पाठवून दाखवले होते. आपल्याकडे हौशी रेडिओच्या परवान्यात व्यावसायिक आणि गुप्त लिपीतील संदेशांना मनाई असल्यामुळे त्याचा येथे उपयोग प्रयोगाच्या कौतुकापुरताच. पण पांढऱ्या यादीच्या काळात बँकेचे ॲपही यादीत असेल तरच चालते, आणि एवढी किंमत मोजून कोणतेही सरकार केवळ बिटकॉइनसाठी असे करील असे वाटत नाही.

सरकारांना तसे करावेही लागत नाही, आणि माझे या सॉफ्टवेअरविषयीचे मुख्य म्हणणे इथेच आहे. तारेवर ते उत्तम काम करते, पण खरी अडवणूक तारेवर होतच नाही. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एकही पॅकेट न अडवता, केवळ बँकांना या व्यवसायाशी संबंध ठेवू नका असे सांगून भारतातला व्यापार जवळजवळ थांबवला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. पुढे १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला आणि १ जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. २८ डिसेंबर २०२३ रोजी वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना, म्हणजे आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांना, नोटिसा दिल्या आणि त्यांची संकेतस्थळे बंद करण्याची शिफारस केली. जानेवारीत ॲपल आणि गूगल यांच्या दुकानांतून त्यांची ॲप गेली. पुढे कुकॉइनने साडेचौतीस लाखांचा दंड भरून नोंदणी केली, आणि बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. या सगळ्या काळात बिटकॉइनच्या जोडण्यांना कोणी हात लावला नाही. रुपये जेथे बिटकॉइन होतात आणि बिटकॉइन जेथे रुपये होतात त्या दोन दारांवर पहारा बसवला की मधला रस्ता मोकळा सोडला तरी चालतो. नायजेरियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँका आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार कंपन्यांमार्फत एक्स्चेंजची संकेतस्थळे अशी हीच वाट धरली.

कॅनडाचे उदाहरण दोन्ही बाजू एकदम दाखवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनावेळी आणीबाणीचा कायदा लागू झाला, बँक खाती गोठवली गेली आणि पोलिसांनी वॉलेटच्या पत्त्यांची यादी एक्स्चेंजना धाडली. एक्स्चेंजना ती पाळावी लागली. नंचक या वॉलेटच्या कंपनीला ऑन्टारिओच्या न्यायालयाचा आदेश आला तेव्हा तिने कळवले, की चाव्या ग्राहकांकडेच असतात, आमच्याकडे गोठवण्यासारखे काही नाही. बिटकॉइन कोअरच्या बाबतीत तर आदेश बजावायला कंपनीच नाही. मात्र आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच माहिती उलगडून देण्यास सांगता येते आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तारेवरच्या कुलपाची चावी जोडणी संपताच नष्ट होते, वॉलेटचा पासवर्ड मात्र माणसाच्या डोक्यात राहतो.

ज्यांना क्रिप्टो म्हणजे टेदर वाटते, त्यांनी या परीक्षणातून दिलासा घेऊ नये. टेदर किंवा यूएसडीसी या डॉलरशी भाव बांधलेल्या नाण्यांच्या करारातच, म्हणजे साखळीवरच्या त्यांच्या आज्ञावलीतच, काळ्या यादीची तरतूद असते आणि जारी करणारी कंपनी कोणताही पत्ता गोठवू शकते. अमेरिकेने ८ ऑगस्ट २०२२ रोजी टोर्नेडो कॅश या पैशाचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले तेव्हा यूएसडीसी जारी करणाऱ्या सर्कल कंपनीने त्या पत्त्यांवरचे सुमारे ७५ हजार यूएसडीसी गोठवले, आणि इन्फुरा व अल्केमी या सर्व्हर पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपली दारे लावली; ते निर्बंध पुढे मार्च २०२५ मध्ये उठले. बिटकॉइनमध्येही खाणकाम करणारे व्यवहार गाळू शकतात. एफटूपूल हा मोठा गट निर्बंधित पत्त्यांचे व्यवहार वगळत असल्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये एका विकासकाने नोड तपासून दाखवून दिले आणि त्या गटाने ती गाळणी काढली. पाचांपैकी चार खाणवाल्यांनी एखादा व्यवहार वगळला तरी उरलेल्या एकाकडून तो सरासरी पन्नास मिनिटांत ब्लॉकमध्ये जातो. पण बहुसंख्यांनी त्या एकाचे ब्लॉकच नाकारायचे ठरवले तर त्यावर घरच्या नोडकडे इलाज नाही.

ज्यांच्याकडे स्वतःच्या चाव्यांत ठेवलेले बिटकॉइन आहे, ज्यांनी कर भरलेला आहे आणि ज्यांना शिल्लक पाहण्यासाठी परक्या सर्व्हरला विचारायचे नाही, त्यांनी हे सॉफ्टवेअर जरूर बसवावे. निव्वळ एक्स्चेंजवर खरेदी-विक्री करणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. बसवताना २७.० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, फाइलवरच्या स्वाक्षऱ्या ताडून घ्याव्यात, पहिली सुरुवात टॉर लावूनच करावी म्हणजे डीएनएसची ती पहिली उघडी विचारणा टळते, आणि आठवडाभराने जोडण्यांची यादी उघडून त्यांतल्या किती अजून जुन्या पद्धतीच्या आहेत ते मोजावे.